काकांची लांब गाडी म्हशाला जाऊन आली

जुनी महागडी गाडी घ्यावी का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. पण काकांनी विचारलं नाही. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी वापरलेली पांढरी, विलायती, मागे लांबलचक अशी गाडी त्यांनी रविवारपर्यंत चालवून बघायला आणली.

"मागं भाताच्या गोणी, पुढं आपण. टेम्पोवाल्याची कटकट नाय," काका म्हणाले.

"आनि रस्त्यात बंद पडली तर गोणी तुमी उचलाल?" काकू म्हणाली.

शेवटी ठरलं की शहापूरहून म्हशाच्या जत्रेला जाऊन यायचं. गाडीने त्रास दिला तर परत करायची. चालवणार मी आणि निकालही मीच द्यायचा. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं काकूनेच घरी शिकवली. पाटीवरची चूक लपवून पुसायची नाही, तिला दाखवून मग पुसायची, हा तिचा नियम. त्यामुळे मी थाप मारणार नाही याची दोघांनाही खात्री. काकांनी सकाळपासून गाडी तीनदा धुतली होती. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काकूला गाडी लागते, म्हणून ती घरीच थांबली. निघताना तिने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गाडीच्या तोंडावर, अगदी मधोमध, झेंडूचा जाड हार आणि लिंबू-मिरची बांधली.

किन्हवलीमार्गे जाणार असाल तर रस्ता बरा आहे, फक्त गतिरोधक फार. पहिल्याच गतिरोधकापाशी वेग कमी केला आणि गाडी किंचाळायला लागली. काचेखाली लाल अक्षरं आली: पुढे अडथळा. पुढे कुणीच नव्हतं. मग तिने स्वतःच ब्रेक मारला. काकांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"नवीन रस्ता हाय तिला," ते म्हणाले.

दुसऱ्या गतिरोधकाला तेच. तिसऱ्यालाही. गाडीचं पुस्तक मी आदल्या दिवशी दोनदा वाचलं होतं. सेन्सरवर धूळ, चिखल, बर्फ नसावा असं त्यात होतं. बोनेटचा कोपरान् कोपरा धुतलेला आणि बर्फाचा तर प्रश्नच नव्हता. किन्हवलीत चहाला थांबलो तर एकाने मागच्या काचेतून आत डोकावून हळूच विचारलं, "कोन शिरीयस हाय का?"

"अजून नाय," काका म्हणाले.

सरळगावला उजवीकडे वळून मुरबाड, तिथून म्हसा. तोवर मी निकाल मनात पाठ केला होता: काका, परत करूया. काकांनाही कळलं असावं. ते गाडीच्या दारावर हात फिरवत बसले होते.

जत्रेत गाडी बैलबाजारापासून लांब लावा. आम्ही जवळ लावली. घोंगडी आणि गोडीशेव घेऊन आलो, तर एक खिल्लारी बैल आमच्या गाडीच्या तोंडाला तोंड लावून उभा. हार निम्मा पोटात गेला होता.

"अहो, बैल आवरा तुमचा," मी म्हणाले.

"फुलां खाल्ली गो, गाडी नाय खाल्ली," मालक शांतपणे म्हणाला. तेवढ्यात बैलाला मिरची लागली. त्याने मान झटकली, फुरफुर केली आणि उरलंसुरलं सगळं मातीत थुंकलं. मी गाडीवरची लाळ पुसून काढली.

परतीला पहिला गतिरोधक आला. मी खांदे आवळले. गाडी गप्प. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं, किन्हवली गेली, तिने ब्र काढला नाही.

"देव पावला," काका म्हणाले.

मला मात्र आता वेगळीच धास्ती. देव पावला असेल तर ठीक; पण माझ्या डोळ्यांसमोर मघाशी पुसलेला तो लाळेचा पट्टा येत होता, बरोबर मधोमध, जिथे सेन्सरचं काळं चकचकीत झाकण होतं. पुढे अडथळा होताच. तो आम्हीच बांधला होता. हे काकूला कसं सांगायचं?

घरी पोचलो तेव्हा ती नवा हार घेऊन दारात उभी.

"काय केलान गाडीनं?"

"काकू, जाताना त्रास दिला, येताना नाही," मी म्हणाले. "चूक तिची नव्हती. तू हार बांधलास ना, तिथे तिचा डोळा आहे."

काका आकाशाकडे बघायला लागले. काकूने वाकून ते झाकण नीट बघितलं.

"मंग आधी सांगायचं ना गो. बैलाला आपन शिंगांना बांधतो, डोळ्यांवर बांधतो काय?" मग मागे जात, "हितं काय हाय?"

"तिथे कॅमेरा."

"अगो बाई, हिला पाठीलापन डोळा." तिने वर बघितलं. टपावर सामान बांधायच्या दोन लांब दांड्या होत्या. "ही झाली शिंगं."

गाडी राहिली. भाताच्या दोन खेपाही झाल्या. जुनी महागडी गाडी घेऊ नये असं मला अजून वाटतं. रात्री पाऊस आला तर मी उठून तिच्या काचा बघून येते. दर शनिवारी काकू स्टुलावर चढून टपावरच्या दांडीला नवी लिंबू-मिरची बांधते, खाली उतरते आणि गाडीच्या तोंडासमोर उभी राहून मला विचारते, "दिसतंय ना गो तिला?"

मी चावी फिरवते, नीट बघते, आणि मगच हो म्हणते.