बटणमावशींच्या पेटीतला निळा ड्रेस

उकडलेले बटाटे सोलता सोलता बटणमावशींचा हात थांबला. निम्मे सोललेले, निम्मे तसेच. अंगठा लावताच साल अलगद सुटून येत होती. अशीच एकदा धाकट्या बहिणीच्या दंडाची कातडी त्यांच्या हातात आली होती.

बहिणीला फिट यायच्या. नवी गोळी सुरू झाली, आणि महिना भरायच्या आत ताप, तोंडभर फोड, सगळं अंग भाजल्यासारखं. त्याच आठवड्यात मावशींनी तिला निळा ड्रेस शिवून दिला होता. "कापडातच काहीतरी होतं," बहिणीची सासू म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बहीण गेली. ड्रेस पेटीत गेला. मावशींनी पुन्हा कात्री धरली नाही. घरी बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावायची, एवढंच. बहिणीची मुलगी आईची आठवण म्हणून ड्रेस मागायची, तर मावशी अंगावर धावून जायच्या.

आता मावशींच्याच जबड्यात विजेसारखी कळ यायची. त्या कळेवर नेमकी बहिणीचीच गोळी लिहून मिळाली होती.

"अगं, घे ना ती," नवरा वैतागला. "पाकिटात ठेवून गुण येतो होय?"

"बहिणीचं ऐकल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. काहींच्या रक्तात जन्मापासूनच असं असतं की हीच गोळी त्यांना जाळते."

"तू आणि तुझी भुतं!"

तेवढ्यात कळ आली. डोळ्यांपुढे अंधारी. मावशींनी गोळी काढून ओठांपर्यंत नेली, आणि बंद पेटीच्या बाजूने कोऱ्या कापडाचा, खळीचा वास आला. दंडावर कुणीतरी बोट फिरवल्यासारखं झालं. त्यांनी देवाचं नाव घेतलं. फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"मावशी, गोळी घेतली नाहीत ना?"

"हातात आहे."

"टाकून द्या. तुमच्या रक्तात ते आहे. दुसरं औषध देते. आणि बहिणीच्या मुलीचं रक्त तपासून घ्या, तिच्यातही असू शकतं."

"म्हणजे... कापडाचा दोष नव्हता?"

"कसलं कापड?"

मावशींनी पेटी उघडली. ड्रेसला वास होता तो फक्त डांबरगोळ्यांचा. त्यांनी तो झटकला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"अगं, बटाटे?"

"तुम्ही सोला."

त्यांना भाचीकडे जायचं होतं, तिला रक्त तपासायला न्यायला.