हाउन्सलोची खोली आणि नसलेला जिल्हा

मंडळी, आज मी सत्तरीच्या एका काकूंना जवळपास भामटं ठरवून आले.

सोमवारपासून लंडनच्या एअरपोर्टवर नोकरी, आणि राहायला जागा नाही. म्हणून हाउन्सलोत खोली बघायला गेले. घरमालकीण कुमुदकाकू, फार वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आलेल्या. त्यांनी चहा दिला आणि अ‍ॅग्रीमेंट पुढे ठेवलं. पत्ता होता: हाउन्सलो, मिडलसेक्स.

मला आपली घरची सवय. गाव, तालुका, जिल्हा तपासल्याशिवाय सही करायची नाही. टेबलाखाली गुपचूप फोनवर शोधलं. मिडलसेक्स काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, साठेक वर्षांपूर्वीच बरखास्त झालेली! हा भाग तेव्हाच लंडनमध्ये गेला. झालं, मनात पाल चुकचुकली. खोट्या घरमालकांचे किस्से काय कमी ऐकलेत?

“काकू, हा जिल्हाच अस्तित्वात नाहीये. कागद खरे आहेत ना?”

काकू अजिबात हसल्या नाहीत. “अगं, इथे अजून सगळे तसंच लिहितात. तुझा कायमचा पत्ता लिहिलास का? बघू.”

त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “मुक्काम पोस्ट डहाणू, जिल्हा ठाणे.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “डहाणू पालघर जिल्ह्यात गेलं ना गं? माझी बहीण असते तिथे.”

पालघर जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली, पण हात अजून ठाणेच लिहितो.

काकूंनी शांतपणे माझा पासपोर्ट मागितला आणि फोटो माझ्या चेहऱ्याशी तीनदा ताडून पाहिला. मगच किल्ली दिली.

खरं सांगा, तुम्ही अजून कुठला जिल्हा लिहिता?