उघड्या डोळ्यांची प्रार्थना

देवाशी इतकी कडाकडा भांडलेली आणि तरीही त्याचा पिच्छा न सोडलेली बाई अख्ख्या वऱ्हाडात माझ्या आत्यासारखी दुसरी झाली नसेल. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. त्यात भित्रे पुष्कळ निपजले आणि मी त्यांतला अग्रगण्य. आत्या मात्र प्रार्थनेला कधी डोळे मिटायची नाही. अकोटजवळच्या तिच्या गावी जेवायला बसलो की आम्ही माना खाली घालून आमेनची आणि भाकरीची वाट पाहायचो, आणि ती आढ्याकडे रोखून बोलायची, "देवबापा, भाकर तुही, कबूल. पन थापली म्या, मिरची म्या कुटली. तेवढं ध्यानात ठेव." डोळे का मिटत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "ज्याच्याशी बोलाचं त्याच्याकडे पायलं पायजे. डोये मिटले का तो सटकते."

अकोटच्या चर्चमध्ये ती बसायची पाळकसाहेबांच्या थेट समोर. उपदेशात बाकीचे पेंगत, आत्या उत्तरं देई. पाळकसाहेब तरुण, नगरकडून नवे आलेले. ते म्हणाले, "जे घडतं ते प्रभूच्या इच्छेनं." बाकावरून लगेच, "मंग बोंडअयी कोनाच्या इच्छेनं आली?" पाळकसाहेब बराच वेळ पाणी पीत राहिले.

ते साल बोंडअळीचंच होतं. कपाशी बाहेरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी येई, आणि आत्या पेपर पालथा घालून ठेवी. एरवी भांडणारी बाई, तिनं देवाशी अबोलाच धरला. चर्चला यायची, पण ना गाणं, ना आमेन. मी म्हटलं, "आत्या, बोलायचंच नाही तर येतेस कशाला?"

"घरी बसली तर त्याले वाटन का मी भेली."

त्यातच कापणीचा सण आला. या दिवशी आमच्याकडे प्रत्येकानं आपल्या वावरातलं पहिलं पीक वेदीसमोर ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. त्या साली पिकलंच नव्हतं कुणाचं. तरी वेदी भरली, कारण सगळ्यांनी बाजारातून आणलं. मी तर अकोल्याचा नोकरदार. माझं लाल कोहळं वेदीवर शोभत होतं, फक्त भाजीवाल्यानं खडूनं टाकलेलं वजन पुसायचं राहून गेलं होतं.

आत्या आली ती टोपलंभर किडकी बोंडं घेऊन. वेदीवर केळ्यांचा घड ठेवून उभे असलेले कमिटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर, आडवे झाले. "आत्याबाई, वेदीवर किडकं ठेवता? देवाचा अपमान आहे हा!"

"त्यानं देलं तेच आनलं. तुमचे केये कोन्या वावरातले, मास्तर? अन्‌ ह्या कोहळ्यावर वजन देवानं लेहलं का?"

मी बाकाखाली काहीतरी शोधू लागलो.

"टोपलं घ्याचं नसन तर सांगा," ती म्हणाली. "मी घरी जातो, अन्‌ पुना ही पायरी चढत नाई. ज्याले माहं दुखनं चालत नाई त्याले माही गानी कायले?"

पाळकसाहेब उतरून आले. सेक्रेटरींच्या हाताखालून त्यांनी टोपलं काढून घेतलं आणि मधोमध, माझं कोहळं सरकवून, ठेवलं. मग पुस्तक उघडून वाचू लागले, "हे प्रभू, भरभरून दिलेल्या पिकाबद्दल..." आणि अडकले. अळी टोपल्याच्या काठावर आली होती.

"वाचा ना, पाळकसाहेब. मी पाहून राहिली."

त्यांनी पुस्तक मिटलं. "प्रभू," ते म्हणाले, "आमची कपाशी गेली. तू कुठे होतास?" आणि कित्येक महिन्यांनी आत्याचं आमेन आलं. खणखणीत, दटावल्यासारखं.

लिलावात त्या टोपल्याला कुणी बोली लावली नाही. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन खिडकीतून आभाळाकडे पाहत आत्या पुटपुटत होती. महिन्यांची थकबाकी वसूल चालली होती. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. "थांब रे बापा, मोठ्या मानसाशी बोलून राहिली."

आता आत्या नाही. यंदाच्या कापणीच्या सणाला प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी सवयीनं डोळे मिटले, आणि का कोण जाणे, एक हळूच उघडला. तिची जागा रिकामी होती. सगळ्यांच्या माना खाली. पाहून राहिलेलं कुणीच नव्हतं.

मग मी दुसराही उघडला.