विजूचे उंदीर

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. ताटातली निवडून संपवली आणि मग भाच्याला सांगितलं, तुझी बहीण गेली. त्याला महिना होऊन गेला. शिकलेल्या लोकांनी पेपरात तिच्यावर मोठं मोठं लिहिलं. मी चौथी पास. पण ती माझ्या भावाची लेक, माझ्या मांडीवर वाढलेली; तेव्हा माझंही थोडं ऐका.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. बाया त्या पाट्यांखालीच घागरी मांडून टँकरची वाट बघायच्या. त्या दुष्काळात विजूनं जेवताना सांगितलं, बंगलोरला जागा मिळाली, उंदराच्या मेंदूवर काम करायचं आहे. तिचा बाप, माझा थोरला भाऊ अण्णा, डाळमिलचा मालक, शिवपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा. उंदीर नंतर जगतो का, एवढंच त्यानं विचारलं. जगत नाही, मेंदूचे पातळ काप करावे लागतात, असं ती म्हणाली. अण्णानं ताट सारलं.

“ज्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करतीस, त्याच हातानं जीव घेणार? मग गळ्यातलं लिंग हितं ठेव आन जा.”

आम्ही लिंगायत; आमच्यात लिंग जन्मापासून गळ्यात असतं. ते ठेव म्हणणं म्हणजे तू आमची न्हाईस म्हणणं. वहिनी रडायला लागली. विजू रडली नाही.

“अण्णा, मिलमधी पोत्यांमागं विषाच्या गोळ्या कोण ठेवायला लावतं? सकाळी मेलेले उंदीर बघायला तुम्ही जाता का? मी मारीन तवा माझे डोळे उघडे असतील. लिंग मी ठेवत न्हाई.”

तिनं ठेवलं नाही, अण्णानं पुन्हा मागितलं नाही. पण स्टँडवर पोचवायला मी एकटीच गेले. पुढं कितीतरी वर्षं ती सुट्टीला यायची आणि बाप-लेक एका घरात मुक्यानं जेवायचे...

मग किल्लारीचा भूकंप झाला. घर अंगावर पडेल म्हणून आम्ही लातूरचे सगळे रस्त्यावर झोपत होतो. विजू धावत आली. शेजारची एक बाई, घरात पिठाचा डबा भरलेला, लेकरं भुकेनं रडतायत आणि ही उंबऱ्याशी थिजलेली. पाय उचलायची, मागं घ्यायची. अण्णा म्हणाला, येडी झाली काय ही? विजू म्हणाली, येडी न्हाई. माझा उंदीर असाच करतो. समोर दाणा असतो, मधी विजेचा झटका बसलेली जागा. डोक्यातली एक वाट जा म्हणते, एक थांब म्हणते. त्या दोन वाटा कुठं भेटतात आणि कोण कुणाला दाबतं, तेच मी शोधायलीय. कळलं तर अशी थिजलेली माणसं हलवता येतील.

 अण्णा उठला आणि आत जाऊन त्यानं स्वतः पीठ आणून दिलं. त्यानंतर मिलमध्ये येईल त्या अडत्याला तो पकडून सांगायचा, माझी लेक भीतीचा शोध लावायलीय, तुमची पोरं काय करतात? अडते त्याला टाळू लागले होते.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात; विजूला लातूरच्याच मातीत बसवली, तळहातावर लिंग ठेवून. नंतर तिचं सामान आणायला मी भाच्याबरोबर बंगलोरला गेले. तिची प्रयोगशाळा दुपारची चालू होती. पोरं काम करत होती आणि जेवणाचे डबे खिडकीत तसेच बंद. नांदेडची एक पोरगी होती, तिला विचारलं, अगं जेवायची वेळ टळून गेली की. ती म्हणाली, “आज उंदीर मारायचेत, आजी. मॅडम अशा दिवशी जेवायच्या न्हाईत. आम्हाला कधी म्हणाल्या न्हाईत, तुम्हीबी उपाशी ऱ्हावा म्हणून. पण आता डबाच उघडवत न्हाई.”

घरी ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. अण्णाला तर नाहीच.

भूक लागत न्हाई का, मी विचारलं. लागते की, म्हणाली.

आपण उपाशी राहिलो म्हणून मेलेला उंदीर परत येत नाही, हे मी विजूला तोंडावर सांगितलं असतं. तिनं ऐकलं नसतं. तेवढ्यात भाच्यानं माझ्यापुढं केळी धरली, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं म्हणून. मी घेतली आणि पिशवीत ठेवून दिली.