सिस्टरांची वर्गवारी

सिस्टर म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हे. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली, त्यातली सोळा अख्ख्या वॉर्डाच्या मुख्य म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वाण्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. सूनही म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा आठवडाभर "सासूबाई" म्हणून पाहिलं बिचारीनं, पण त्या हाकेला सिस्टर ओ देत नसत. मुद्दाम नव्हे हो, आपल्याला कुणी बोलावतंय हेच त्यांच्या लक्षात यायचं नाही.

निवृत्त माणसाला कसलं तरी खूळ लागतंच. सिस्टरांना लिहायचं लागलं. घरी आजारी माणूस असेल तर काय करावं, यावर. पडल्या पडल्या केस कसे धुवायचे, न उठवता चादर कशी बदलायची, गोळी थुंकून टाकणाऱ्या आजोबांना गोळी कशी द्यायची. सून घरी बसून दुकानदारांच्या वेबसाइट करून द्यायची, तिनं सासूलाही एक ब्लॉग करून दिला. बघता बघता तीनशे बारा लेख झाले आणि त्यांचा नुसता ढीग लागला. नवा वर, जुना खाली, हवा तो कुठेच नाही.

सून म्हणाली, "वर मेन्यू करू, लेखांचे वर्ग पाडू. मोबाइलवर सहा नावं नीट मावतात."

सिस्टर तयारच होत्या. त्यांनी वहीत वर्ग लिहूनही ठेवले होते : सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी.

सून हसत सुटली. "अहो सिस्टर, वाचणाऱ्यांना कुठली आलीय पाळी? लोक आजाराचं नाव शोधतात!"

असेल बाई. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्यांचा सिस्टरांना मनापासून राग, आणि हे काम सुनेचं. त्यांनी वही मिटली. सुनेनं मेन्यू केला : अर्धांगवायू, मधुमेह, हृदय, हाडं, श्वास, म्हातारपण. दिसायला एकदम झकास. सिस्टरांनी चार जणींना दाखवून कौतुकही करून घेतलं.

दोन महिने झाले असतील, विहीणबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी सोडलं, पण बरेच दिवस अंथरुणावरच काढायचे होते. सून बसनं सहा तासांवरच्या माहेरी गेली. तिथं आई आणि ती, तिसरं कुणी नाही. सिस्टर उडी मारून गेल्या असत्या, पण त्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन नुकतं झालेलं. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाणं हाच मोठा प्रवास. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या, "सगळं लिहून ठेवलंय. तूच तर मांडलंयस."

पहिल्याच दिवशी सकाळी फोन. "सिस्टर, चादर बदलायचा लेख कुठाय? हाडांमध्ये नाहीये."

"अगं, मला काय विचारतेस? ठेवलास तू!"

शोधाशोध झाली. लेख निघाला अर्धांगवायूत, कारण लिहिताना सिस्टरांनी उदाहरण तशा रुग्णाचं दिलं होतं. दुपारी केस धुणं सापडलं श्वासात. संध्याकाळी अंथरुणातच शौचाचं भांडं द्यायची रीत निघाली हृदयात. सिस्टरांना हसू आवरेना. सून म्हणाली, "हसा, हसा. माझीच करणी, मलाच भोवतेय."

चौथ्या दिवशी मात्र हसण्याजोगं काही नव्हतं. सुनेचा आवाज रडवेला. आईच्या माकडहाडाशी लाल डाग दिसला होता, पाव तास ती एका हातानं आईला कुशीवर धरून दुसऱ्या हातानं मोबाइल चाळत होती आणि लेख काही सापडत नव्हता.

"आधी उशी लाव पाठीशी आणि हात मोकळा कर," सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातला. "आता बोटानं दाब. बोट काढल्यावर पांढरं होतं का?"

"होतं."

"मग वेळेवर पाहिलंस, झोपून झोपून जखम व्हायच्या आत. चोळायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदल आणि आज डॉक्टरांच्या कानावर घाल."

जीव भांड्यात पडला दोघींचा. फोन ठेवल्यावर सिस्टरांनी तो लेख शोधला. मधुमेहात होता. त्या चांगल्याच घाबरल्या. ती घरची म्हणून तिला फोन तरी करता आला, परक्या बाईनं काय करायचं? तीनशे बारा लेख लिहिले म्हणून आपण मिरवत होतो, आणि वेळेला त्यातला एक हाती लागत नाही!

त्यांनी सुनेला परत फोन लावला. "मेन्यू मोडायचाय मला. कुठं दाबायचं सांग."

"सगळा?"

"सगळा. आजाराचं नाव डॉक्टर विचारतो गं. घरात सांभाळणारी घड्याळ बघते."

सून म्हणाली, "तुमची वही काढा."

चार दुपारी सिस्टर काठी खुर्चीला टेकवून लॅपटॉपपुढे बसल्या. प्रत्येक लेखाला एकच प्रश्न : तू किती वाजता लागतोस? तो सांगेल तिथं त्याला टाकायचं. उठल्यावर, आंघोळ, औषधं, अंथरूण आणि कूस, दुपारचा वेळ, रात्र. आधी त्यांनी निम्मे लेख दोन-दोन वर्गांत टाकले; सून फोनवरून ओरडली, "एका पेशंटला दोन खाटा देता का तुम्ही?" हे मात्र सिस्टरांना लगेच पटलं. एक लेख, एक वर्ग, बाकीच्या जागी नुसती लिंक. मुलगा मदतीला आला होता, त्यानं पाच मिनिटांत आंघोळीचा वर्गच पुसला. त्याला चहा करायला पाठवलं.

फोन कमी होत गेले. दिवसाला सहा होते ते दोनावर आले, मग एकदा दीड दिवस आलाच नाही. डाग गेला होता. विहीणबाई वॉकर धरून दाराशी उभ्या राहिल्याचा फोटो आला, त्या फोटोत हसत होत्या. सिस्टर खूश. आपलं तिथं जाणं झालं नाही, पण हात पोचले, असं त्यांनी मुलाला तीनदा ऐकवलं.

मग एका सकाळी त्यांना मेन्यूत सातवं नाव दिसलं : सांभाळणाऱ्यासाठी. दाबलं तर आत एवढंच : या वर्गात अजून एकही लेख नाही.

"अगं, चुकून रिकामा वर्ग उघडलाय तुझ्याकडून," त्यांनी फोनवर सांगितलं. "आणि सहाच मावतात म्हणालीस ना?"

"चुकून नाही, मुद्दाम केलाय," सून म्हणाली. आवाज दमलेला होता, पण रुसलेला नव्हता. "सिस्टर, आईला कसं उठवायचं, कसं पुसायचं, सगळं मिळालं हो. फार उपयोग झाला. पण तीनशे बारा लेखांत, जी हे करते तिच्याबद्दल एक ओळ नाही. मी शोधली. रोज शोधली."

हो-ला हो करून सिस्टरांनी फोन ठेवला. चौतीस वर्षं खाटेशेजारच्या स्टुलावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. कुणाची बायको, कुणाची मुलगी. त्यांच्याशी आपण बोललेलं एकच वाक्य सिस्टरांना आठवलं : नातेवाइकांनी बाहेर थांबावं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाची लाज वाटली. थोडीशीच, पण वाटली.

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि नवा लेख उघडला. एरवी तासाला एक लेख हातावेगळा करणाऱ्या बाई, पण आज शीर्षक लिहून अडल्या. मग कसंबसं लिहिलं, आठ ओळी झाल्या. वर्ग विचारला तेव्हा सातव्यावर खूण केली आणि छापून टाकला.

शीर्षक होतं : तुम्ही जेवलात का?

दहा मिनिटांनी सुनेचा फोन आला. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"वाचलंस?" सिस्टर म्हणाल्या.

"वाचलं."

"मग?"

"वाढून घेतलंय," सून म्हणाली. "थांबा, आधी खाते."

"फोन नको ठेवूस," सिस्टर म्हणाल्या. "मी बसलेय इथं."