दोन्ही आया मुलीकडच्या

अधिक महिना आला की आमच्या जेऊरच्या घरी जावयाचे लाड सुरू होतात. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. बहिणीच्या नवऱ्याचा हा थाट मी दर खेपेला पाहतो आणि मनातून जळतो. मी आणि माझा जोडीदार सोलापुरात एकत्र संसार करतो, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला जातो. आई मात्र त्याला ‘तुझा मित्र’च म्हणायची. ते मला फार लागायचं.

मागच्या अधिकात आमच्यासारख्यांच्या लग्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. निकाल लागू दे, मग त्यालाही बोलवू, असं आई म्हणाली होती. पुढे निकाल लागला: लग्नाचा हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. संसदेला काही घाई दिसेना. मी आईपाशी विषयच काढला नाही. तिच्याही तोंडून नकार ऐकायची माझी छाती नव्हती.

यंदा पुन्हा अधिक आला आणि आईचा फोन आला, रविवारी धोंड्याला दोघं या. मी चाचरत म्हटलं, अगं, कोर्टानं नाही म्हटलंय.

“लग्नाला न्हाय म्हटलंय. जेवायला कुटं न्हाय म्हटलंय?”

मी हवेत असतानाच नातेपुत्याहून त्याच्या आईचा फोन. तिच्या हिशेबानं जावई मी, आणि तिचाही रविवारच ठरलेला. मग दोघींची फोनवर जुंपली. लग्नात मुलाकडचे म्हणून मिरवायला सगळे पुढे असतात. मुलीकडची होण्यासाठी भांडणाऱ्या आया मी पहिल्यांदाच पाहिल्या.

शेवटी दोघी पुरणाचे डबे घेऊन आमच्याच घरी आल्या. आम्हाला शेजारी शेजारी पाटावर बसवलं. त्याच्या आईनं मला ओवाळलं आणि कुणाचं पुरण गोड ते विचारलं. मी दोन्ही जावयांच्या वतीनं दोन्ही डब्यांतला एकेक धोंडा आणखी मागून घेतला.

मग माझ्या आईनं वाणाचं ताट त्याच्यापुढे धरलं. एरवी त्याला अरे-तुरे करणारी आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “घ्या जावई.”

निकालाच्या दिवशी मी रडलो नव्हतो. पाटावर मात्र, तोंडात धोंडा असताना, दोघी आयांसमोर भरभरून रडलो.