‘माय’ नावाची ब्रँच

“थांब जरा. आपण उभे कुठं आहोत, ते बघ आधी.”

हे म्हणताना नाना बोट कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ नेत, पण काचेला लावत नसत. काळ्या पडद्यावर ब्रँचची यादी आलेली असे आणि त्यातल्या एकीच्या नावापुढे बारीकशी चांदणी. आपण ज्या ब्रँचवर काम करतोय तिच्यापुढे ती येते. नाना त्या चांदणीकडे इतका वेळ बघत बसत की मला वाटायचं, यांचा डोळा लागला.

जळगावात एका डाळमिलसमोर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ठिबक सिंचनाच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. शेतात एक डबा बसवलेला असतो. फिल्टर तुंबला, पाणी कमी झालं, की तो शेतकऱ्याला फोन लावतो आणि रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवतो. नाना आमच्यात सगळ्यात वडीलधारे, पन्नाशीच्या आसपासचे. साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या पलीकडचं गाव त्यांचं. ऑफिसात शहरी मराठी बोलायचे, पण मनातलं काही निघालं की अहिराणीच यायची.

प्रोग्रॅममधली ब्रँच म्हणजे काय, हे मला कॉलेजात कुणी धड सांगितलं नव्हतं. नानांनी दोन मिनिटांत सांगितलं. “साक्रीकडं जाणारी एसटी बघ. मोठा रस्ता सरळ जातो. मधेच फाटा फुटतो. तू फाट्यानं आत गेलीस म्हणून मोठा रस्ता काही बंद पडत नाही. आत जाऊन बघ, जमलं तर परत येऊन मिळ. नाही जमलं तर फाटा तिथंच राहू दे, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त एक आहे. तू जिथं उभी असशील, फाटा तिथूनच फुटणार.”

मी तापट. मला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. नाना एक ओळ बदलायची असली तरी आधी नवी ब्रँच काढणार, तिला नाव काय द्यावं म्हणून खिडकीबाहेर बघणार. बाहेर डाळमिलची पिवळी पूड उन्हात तरंगत असायची. मी म्हणायची, “नाना, बारसं आहे का? घुगऱ्या वाटायच्या का?” ते हसून म्हणायचे, “नाव चांगलं ठेवलं म्हणजे परत येता येतं.” तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या संथपणाचा आधी राग येतो आणि मग त्याच्याशिवाय करमत नाही.

त्या यादीत ‘माय’ नावाची एक ब्रँच होती. तिच्यामागची गोष्ट त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितली.

आमचं यंत्र तयार झालं तेव्हा तपासणीचा पहिला डबा नानांनी आपल्या आईच्या शेतात बसवला. म्हातारी एकटीच मिरची पिकवते. डबा चोख चालला. फिल्टर तुंबला, फोन गेला, आणि आमच्या रेकॉर्डिंगमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “आपल्या संचातील गाळण यंत्रणेत अडथळा निर्माण झाला आहे.” म्हातारी म्हणाली, “कोन बाई बोलस? काय सांगस, समजस नही,” आणि तिनं फोन ठेवला. चार दिवसांत अर्धी मिरची वाळली.

नानांनी हे हसत हसत सांगितलं, पण जेवणाच्या डब्यातली भाकरी तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रँच काढली आणि सगळी वाक्यं अहिराणीत लिहायला घेतली. आवाज कुणाचा घ्यायचा? मग स्वतःचाच दिला. जुन्या बॅटऱ्या ठेवायच्या खोलीत, पंखा बंद करून, घामानं निथळत ते बोलत. मी दाराशी उभी राहून कुणाला आत येऊ देत नसे. प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा ‘भाऊ’ म्हणून आणि एकदा ‘माय’ म्हणून. “बाया बी शेती करतसना,” ते म्हणाले.

“माय, फिल्टर भरायना. पानी कमी येस. येक डाव देखी ले.”

फिल्टर भरलाय, एकदा बघून घे, इतकं साधं. मलासुद्धा वाटलं, उठून बघून यावं.

ती ब्रँच मूळ कामाला जोडली जायची होती. माझ्यामुळे राहिली. विक्रेत्यांना नवं यंत्र दाखवायचा दिवस होता आणि साहेबांनी शेवटच्या घटकेला एक बदल सांगितला. सकाळी मी नानांचं काम बघायला त्यांच्या ब्रँचवर गेले होते आणि तिथंच उभी होते. यादी न काढता, काही न बघता तिथूनच नवी ब्रँच काढली. बदल केला, यंत्र चालवलं. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसांपुढं फोन वाजला आणि स्पीकरवरून नाना बोलायला लागले, “भाऊ, फिल्टर भरायना.” सगळा हॉल खदखदून हसला.

साहेब लालबुंद. “हे गावठी कुणी घातलं यात?”

नाना उठून उभे राहिले. “ब्रँच माझी आहे, साहेब.”

एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, पण त्या दिवशी बसलं. साहेबांनी सांगून टाकलं, हे परत दिसता कामा नये.

संध्याकाळी मी नानांकडे गेले. म्हटलं, “नाना, चूक माझी होती. मी बोलायला हवं होतं.” ते टेबल आवरत होते. म्हणाले, “जाऊ दे. ते हसले, पण काय म्हणतोय म्हणून एकानं तरी विचारलं का? सगळ्यांना समजलं.” आणि खरंच खूश होऊन घरी गेले. मला रात्रभर लाज वाटत राहिली.

त्यानंतर तीन वर्षं, दर सोमवारी सकाळी, नाना मूळ कामातले नवे बदल त्या ब्रँचमध्ये आणून मिळवत. कुणी सांगितलं नव्हतं. “कधी बोलावणं आलं तर मागं पडलेली नको,” म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात नानांना कावीळ झाली. अंगावर काढली. रजा घेऊन गावी गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो त्यांच्या पुतण्याचा. नाना गेले.

दिवाळीनंतर साहेबांनी मला जुन्या ब्रँच काढून टाकायला सांगितल्या. एकेक नाव पुसत मी ‘माय’पर्यंत आले आणि हात पुढं सरकेना. तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेले. तीन वर्षांपूर्वी विक्रेत्यांपुढं घोळ कुणी घातला, ते सांगितलं. ही ब्रँच आता जोडायचीच, असंही सांगितलं. बोलताना आवाज चढला. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “आधी त्यांच्या आईला विचारून ये. आवाज त्यांच्या मुलाचा आहे.”

मी पिंपळनेरला गेले, तिथून पुढं रिक्षानं. म्हातारी मिरचीच्या वाफ्यात बसली होती. मी मोबाइलवर ते एक वाक्य लावून तिच्या कानाशी धरलं. तिनं ऐकलं. चेहरा हलला नाही. मग म्हणाली, “आखो लाव.” मी परत लावलं. पाच-सहा वेळा लावलं. शेवटी तिनं विचारलं, “हाऊ फोन मना घर येई का?”

म्हटलं, “फिल्टर भरला तर येईल.”

“येऊ दे,” ती म्हणाली.

सोमवारी मी ब्रँच जोडली. ज्यांना हवी त्यांनी अहिराणी निवडायची, अशी सोय केली. कुणी हसलं नाही.

महिन्याभरानं साहेबांनी एक नोंद पुढ्यात टाकली. पिंपळनेरकडच्या एका डब्यातून दर दोन-तीन दिवसांनी फिल्टर तुंबल्याचा इशारा येत होता. इतर कुठूनच इतक्या वेळा नाही. डबा बिघडला असणार, मिस्त्री पाठवा, असं ठरत होतं. नंबर नानांच्या आईचा होता. मी म्हटलं, आधी फोन करते.

“माय, फिल्टर सारखा भरतोय का? घाण पाणी येतं का विहिरीचं?”

“नही पोरी. फिल्टर साफ शे.” ती म्हणाली. “पानीना वाल मीच बंद करस. तो बोलस, मंग उघडी देस.”

मी फोन ठेवला. साहेब विचारत होते, मिस्त्री कधी पाठवायचा. मी म्हटलं, डबा ठीक आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही.